भाच्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शनीचा चंद्र एन्सेलाडस घ्यावा की गुरूचा चंद्र युरोपा? इतक्या थंड चंद्रावर पाणी द्रवरूपात कसं राहतं?

एन्सेलाडसच घ्या. युरोपा दर प्रदर्शनात असतो.

माझ्या मुलीने आठवीत हाच विषय घेतला होता. थर्माकोलचा पोकळ गोळा, कटरने पाडलेल्या चार चिरा, त्यांच्या कडा निळ्या पोस्टर कलरने रंगवलेल्या आणि खाली सर्दीत वाफ घ्यायचं मशीन. वाफ वरच जाणार, म्हणून दक्षिण ध्रुव वर ठेवला आणि तसं कागदावर लिहूनही लावलं. परीक्षक आले आणि म्हणाले, "गोळा उलटा आहे. आणि सूर्यापासून इतक्या लांब कसलं पाणी?" ती बोलायला लागेपर्यंत ते पुढच्या टेबलावर पोचले होते. पोरीचा चेहरा पडला. मला त्याचा राग आजही येतो.

तिला सांगायचं होतं ते हे: ती उष्णता सूर्याची नाहीच. एन्सेलाडस जेमतेम 500 किमी व्यासाचा, शनीभोवती साधारण 33 तासांत फेरी मारतो. डायोनी या शनीच्याच दुसऱ्या चंद्राची एक फेरी होते तेवढ्यात याच्या दोन. डायोनीच्या त्या ठरावीक ओढीमुळे याची कक्षा पूर्ण गोल होत नाही, शनीची ओढ सतत कमी-जास्त होते आणि वाकवून वाकवून तार तापावी तसा हा आतून तापतो. वर उणे 200 अंशांच्या आसपास थंडी, बर्फाखाली खारा समुद्र. कॅसिनी यानाला 2005 मध्ये दक्षिण ध्रुवाजवळच्या चिरांतून उडणारे फवारे दिसले. पुढे यान त्या फवाऱ्यांतून गेलं, तेव्हा मीठ, सेंद्रिय रेणू, हायड्रोजन सापडले. त्याच्याच जुन्या नोंदींतून 2023 मध्ये फॉस्फेटही मिळालं. शनीभोवतीचं 'ई' नावाचं कडं या फवाऱ्यांवरच टिकून आहे. याहून जास्त पुरावा काय हवा?

अर्थात जीव सापडलेला नाही, चार्टवर तसं लिहू देऊ नका. समुद्र युरोपावरही आहे, उलट मोठा आहे, पण तिथले फवारे अजून पक्के सिद्ध झालेले नाहीत.

भाच्याला सांगा, दक्षिण ध्रुव वरच ठेव. कोणी उलटा म्हटलं तर अवकाशात वर-खाली नसतं हे तिथल्या तिथे, परीक्षक हलायच्या आत बोल. चिरा प्रत्येकी सुमारे 130 किमी लांब आहेत, म्हणजे गोळ्याच्या व्यासाच्या पाव. आणि वाफेऐवजी अगरबत्ती वापरू नका, थर्माकोल पेटतो.