नकाशावर ठिपका टाकण्याआधी

पोलिसांच्या गुन्हे विश्लेषण कक्षात नवा आला आहेस, म्हणून सांगतो. गुन्ह्यांचा नकाशा काढायचं सॉफ्टवेअर आठवड्यात जमेल. अवघड आहे ती नोंद शुद्ध करणं. आपल्याकडे फिर्यादीत 'मौजे अमुकच्या शिवारात' एवढंच असतं. मग विहिरीवरच्या मोटारचोरीचा ठिपका गावठाणाच्या मधोमध पडतो, कधी तर थेट ठाण्याच्या इमारतीवर! तो लाल डाग बघून गस्त लावलीस, तर चोर मळ्यात मोकळाच. गट नंबर विचार, पोलीस पाटलांना फोन कर, जमलं तर जागेवर जाऊन मोबाइलवर अक्षांश-रेखांश घे.

वेळेचंही तसंच. दिवाळीच्या सुमारास केज-धारूरकडची माणसं ऊसतोडीला जातात, घरं कुलपात. घरफोडी कळते ती परतल्यावर. नोंद एप्रिलची, गुन्हा कदाचित डिसेंबरचा. 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' दोन्ही भर.

पुढचा गुन्हा कुठे होईल या यंत्राच्या भाकितावर मात्र डोळे झाकून विसंबू नकोस. लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२० मध्ये प्रेडपॉल हे असं भाकीत करणारं सॉफ्टवेअर वापरणं बंद केलं. सांताक्रूझ शहराने त्याच वर्षी अशा भाकितांवर बंदीच घातली. पोलीस जिथे जास्त फिरतात तिथल्या नोंदी वाढतात आणि यंत्र पुन्हा तिकडेच बोट दाखवतं. पारध्यांच्या वस्तीबाबत मला याची फार काळजी वाटते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून गेला, तो आपल्या नकाशावर परत उमटता कामा नये. 'संशयितांचा पत्ता' हा नकाशातला माहितीचा थर भाकितात घेऊच नकोस. घटनास्थळ घे.

उद्या गेल्या वर्षीच्या मोटारचोरीच्या फिर्यादी काढून ठेव. दुपारी सोबत बसू.