फणसाचे गरे, आगळ आणि आंबापोळी दुकानाच्या फळीवर उठून दिसावी म्हणून प्लास्टिकचा डबा कसा निवडावा?

ताई, तुम्ही लिहिलंय की गुहागरकडच्या तुमच्या बचत गटाचे तळलेले गरे, कोकमाचं आगळ (खारवलेला रस) आणि आंबापोळी चिपळूण-रत्नागिरीच्या दुकानांत जाते. एकदा खाल्लेला माणूस परत मागतो, पण नवीन गिऱ्हाइकाची नजर तुमच्या डब्यावर थांबत नाही. त्यासाठी स्वतःचा वेगळा साचा करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी बरण्या-डब्यांच्या साच्यांचं डिझाइन करतो, मूळचा वेंगुर्ल्याकडचा. धंदा माझाच असला तरी सांगतो, साच्यावर आत्ता पैसे घालू नका. बाजारात तयार मिळणाऱ्या बरण्यांमधूनच निवडा. फक्त निवड व्यापाऱ्याच्या दुकानात बरणी हातात धरून करू नका. चार-पाच नमुने विकत घ्या, तुमचा माल त्यांत भरा आणि ज्या फळीवर तो बसणार आहे तिथे नेऊन ठेवा. जी बरणी हातात देखणी वाटते ती फळीवर पार हरवून जाते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की दुसरा कुठलाही नियम मला याच्याआधी सांगवत नाही.

आपल्याकडच्या दुकानांची मांडणी मॉलसारखी नसते. महामार्गावरचं कोकण मेव्याचं दुकान घ्या नाहीतर एसटी स्टँडसमोरचं, डोळ्यांसमोरची फळी वर्षानुवर्षं खपणाऱ्या मालाने भरलेली असते. नवीन गटाचा माल गुडघ्याच्या उंचीवरच्या फळीत जातो, नाहीतर दारातल्या टेबलावर. दोन्हीकडे उभ्या माणसाला डब्याची पुढची बाजू दिसत नाही, झाकण दिसतं. आणि तुम्ही टाकलेल्या फोटोत झाकण कोरं पांढरं आहे. म्हणून पहिला खर्च झाकणावर करा. गोल स्टिकर, त्यावर ‘फणसाचे गरे’ हे शब्द सगळ्यांत मोठे, गटाचं नाव त्याखाली लहान. पुष्कळ गट याच्या उलट करतात. गटाच्या नावाचा अभिमान असावाच, पण मुंबईहून आलेला माणूस गरे शोधत असतो, तुमचं नाव त्याला डबा उचलल्यावर कळतं.

झाकणाचा रंग गडद घ्या. महामार्गावरच्या दुकानात लाल मातीची धूळ पांढऱ्या झाकणावर दुपारपर्यंत दिसायला लागते, आणि धूळ बसलेला डबा जुना वाटतो, मग आत माल कालचा का असेना. प्लास्टिक कोरड्या फडक्याने घासलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि ती धूळ पुन्हा ओढून घेते. दुकानदाराला किंचित ओलसर फडक्याने पुसायला सांगा.

आता तुमच्या सध्याच्या डब्याबद्दल. खाली निमुळता होत जाणारा पीपीचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा डबा आहे तो. साच्यातून नीट सुटावा म्हणून अशा डब्याच्या भिंतींना उतार द्यावाच लागतो, त्यात कारखानदाराचा दोष नाही. पण उतारामुळे लेबलाचं तोंड थोडं खाली वळतं. डोक्याच्या वरच्या फळीवर ते बरोबर गिऱ्हाइकाकडे बघतं, खालच्या फळीवर मात्र जमिनीकडे, आणि वरून झाकणाच्या कडेची सावली त्यावर पडते. शिवाय सरळ चौकोनी स्टिकर निमुळत्या गोल डब्यावर कधीच सरळ बसत नाही. एक टोक वर जातं किंवा मध्ये सुरकुती पडते. असा डबा ठेवायचाच असेल तर प्रिंटरला रिकामा डबा नेऊन द्या आणि लेबल कमानीच्या आकारात कापून घ्या. मी तुमच्या जागी असतो तर गऱ्यांसाठी उभ्या, सरळ भिंतींची पेटची, म्हणजे पाण्याच्या बाटल्या करतात त्या नितळ प्लास्टिकची बरणी घेतली असती.

गोल की चौकोनी? गोल बरणी मजबूत, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी. पण फळीवर ती जागा खाते. तेवढ्याच रुंदीची आणि उंचीची चौकोनी बरणी हिशेबाने साधारण २७ टक्के जास्त माल घेते, कोपऱ्यांच्या गोलाईमुळे प्रत्यक्षात थोडा कमी. शेजारी शेजारी ठेवल्या की चौकोनी बरण्यांची एक सलग भिंत होते, आणि चार बरण्या मिळून एक मोठं चित्र दिसतं. गोलाचा दुसरा प्रश्न वाचण्याचा. समोरून अर्धा घेर दिसतो, पण वाचता येतो तो साधारण तिसरा हिस्साच, त्यापुढची अक्षरं कडेला दबत जातात. साडेआठ सेंटिमीटर व्यासाच्या बरणीचा घेर पावणेसत्तावीस सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे तुमच्या नावाला मिळतात जेमतेम नऊ. ‘फणसाचे तळलेले गरे’ एका ओळीत लिहिलंत तर गिऱ्हाईक ‘तळलेले’ एवढंच वाचणार. दोन ओळी करा. गोल बरणीच घेणार असाल तर गुंडाळणाऱ्या लेबलावर नाव समोरासमोर दोनदा छापा आणि बाकीचा मजकूर मधल्या जागेत घाला. बरणी कुणीतरी उचलतं, परत ठेवताना ती फिरते, आणि मग दिवसभर बारकोडच समोर असतो. चौकोनी घेतलीत तर कोपरे गोलसर असलेली घ्या. फुगवून केलेल्या बरणीत प्लास्टिक कोपऱ्यापर्यंत ताणलं जातं, तिथे ते सगळ्यांत पातळ होतं. कोपरा जितका टोकदार तितका लवकर चेपतो, आणि चेपलेली बरणी दुकानदार मागे सरकवतो.

गऱ्यांना उजेड, हवा आणि दमटपणा तिन्ही बाधतात, पण त्यांचा सोनेरी पिवळा रंग हीच तुमची जाहिरात आहे, तो झाकून टाकणं मला पटत नाही. पारदर्शक पेट घ्या, लेबलात समोर एक खिडकी ठेवा आणि बाकी बरीचशी बरणी लेबलाने झाका. खिडकी तळापर्यंत नेऊ नका. माल महामार्गावरच्या खड्ड्यांतून जातो, चुरा खाली बसतो. तळाची दोन बोटं लेबलाखाली राहिली की गिऱ्हाइकाला अखंड गरे दिसतात. भरताना बरणी दोन-तीनदा आपटून घ्या आणि मग वजन पुरं करा, नाहीतर दुकानात पोचेपर्यंत वर रिकामी जागा पडते आणि माणसाला फसवल्यासारखं वाटतं. गरे पूर्ण निवल्याशिवाय आणि तेल निथळल्याशिवाय भरू नका, आतून तेलकट धुरकट झालेल्या खिडकीचा उपयोग नाही. तोंडावर अ‍ॅल्युमिनियमचं इंडक्शन सील, म्हणजे यंत्राने तोंडाला चिकटवलेला पातळ पापुद्रा, हवंच. तुमच्या सध्याच्या डब्याचं पीपी दमटपणा चांगला अडवतं, पण त्यातून हवेतला ऑक्सिजन पेटपेक्षा बराच जास्त आत जातो, आणि तळलेल्या मालाला खवट वास येतो तो त्यामुळे.

आगळाबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण इथे सगळ्यांचंच नुकसान होताना दिसतं. आगळाचा रंग किती सुंदर! पण जाड, रुंद बाटलीत ते काळं दिसतं, कुठल्याशा औषधासारखं. द्रवाचा थर जितका जाड तितका उजेड त्यातच अडतो. तेच आगळ चपट्या, लंबगोल बाटलीत भरा, म्हणजे समोरून रुंद आणि मागे-पुढे पातळ. उजेड आरपार येतो आणि लाल रंग पेटतो. मागच्या बाजूला मोठं लेबल लावून हा उजेड अडवू नका. सगळा बारीक मजकूर एका कडेला उभ्या पट्टीत घ्या, मागची बाजू मोकळी राहू द्या. तेवढ्याच आगळाची चपटी बाटली समोरून मोठी वाटते, हा आणखी फायदा. मात्र ती हलकी असताना पडते, म्हणून तळ रुंद असलेली बघा. एक गोष्ट दुकानदाराला आवर्जून सांगा: दारातल्या उन्हात ठेवू नका. कोकमाचा लाल रंग ज्या अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे असतो ते ऊन आणि उष्णतेने उडतं, आणि तपकिरी झालेलं आगळ कुणी घेत नाही. झाकण प्लास्टिकचंच घ्या. आगळात मीठ, वर आपली खारी हवा, पत्र्याचं झाकण गंजतं.

कोकम सरबताचा पाक गरम असताना भरायचा विचार असेल तर थांबा. साधं पेट ७० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतं, बाटली आकसते किंवा तळ वाकडा होतो. निवल्यावर भरा, किंवा गरम भरण्यासाठीच केलेली बाटली मागा. पीपी त्यापेक्षा खूप जास्त उष्णता सोसतं, पण ते पेटइतकं काचेसारखं नितळ नसतं, हे लक्षात ठेवून ठरवा.

आंबापोळी बरणीत घालू नका. गुंडाळ्या एकमेकींवर दबतात आणि बाहेरून नुसता तपकिरी गोळा दिसतो. तिला चपटी पारदर्शक डबी हवी, पण चपटी डबी फळीवर आडवी पडली की गिऱ्हाइकाला तिची दोन बोटांची कडच दिसते. उपाय स्वस्त आहे. कागदाची रुंद पट्टी डबीभोवती अशी गुंडाळा की नाव वरही येईल आणि पुढच्या कडेवरही. नाहीतर मागे उंच कड आणि टांगायला भोक असलेली डबी घ्या. दुकानदाराला टांगायची जागा हवीच असते.

कागदी स्टिकर आषाढ-श्रावणात टिकत नाहीत. कडा उचलतात, बुरशीचे ठिपके येतात, आगळाचा एक थेंब पडला की शाई पसरते. प्लास्टिक फिल्मचं, म्हणजे बीओपीपीचं लेबल घ्या. थोडं महाग पडेल, पण पावसाळ्यात फळीवर ताजं दिसणारं लेबल अर्धं काम करतं. लेबल लावायची जागा बरणीवर किंचित आत घेतलेली असेल तर उत्तम, खोक्यात बरण्या एकमेकींना घासल्या तरी ते खरचटत नाही.

कायद्याचा मजकूर शेवटी कसाबसा कोंबू नका, जागा आधीच राखा. पदार्थाच्या नावाजवळ हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ आकडी क्रमांक, घटक, पोषणमूल्यं, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, दर ग्रॅमची किंमत, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत, बॅच क्रमांक, गटाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन. पुढचा भाग जितका मोठा तितका वजनाच्या आकड्यांचा किमान आकारही मोठा लागतो, तेव्हा छापण्याआधी नमुना अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना दाखवा. बरणी देणाऱ्याकडून खाद्यपदार्थांसाठी योग्य असल्याचा चाचणी अहवाल मागा. भारतीय मानक आयएस ९८४५ च्या पद्धतीने चाचणी केल्यावर प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्यांची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. तुमचं आगळ आंबट आणि खारट, गरे तेलकट, त्यामुळे आंबट आणि तेलकट पदार्थांसाठीची चाचणी झालीये का, हे विचारा. अहवाल न देणाऱ्याकडून स्वस्तातही घेऊ नका. लोकांच्या पोटात जाणारी वस्तू आहे.

दुकानदाराची सोय हाही दिसण्याचाच भाग आहे. बरणी आणि वरची फळी यांत दोन-तीन सेंटिमीटर जागा हवी, नाहीतर हात जात नाही आणि तुमची बरणी आडवी पडते. झाकणावर खोलगट कडा आणि तळाला त्यात बसणारी पायरी असेल तर दोन बरण्या एकावर एक घट्ट राहतात, आणि चार बोटं जागेत तुमचा माल दुप्पट दिसतो. असा जोड तयार बरण्यांतही मिळतो, फक्त मागून घ्यावा लागतो.

नमुने फळीवर ठेवलेत की दहा फुटांवर उभं राहून मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. शेजारच्या डब्यांत तुमचा डबा मिसळून गेला तर रंग बदलून उपयोग नाही, अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला गडद-फिका फरक वाढवायला हवा.

पैशांचं म्हणाल तर सीलिंगचं यंत्र आणि लेबलं यांसाठी २०२० साली सुरू झालेल्या पीएमएफएमई या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेची कृषी कार्यालयात चौकशी करा. त्यात सूक्ष्म उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आणि गटांना ब्रँडिंगसाठी वेगळी मदत ठेवलेली आहे. सध्या अर्ज घेतायत का ते आधी विचारा.

तुम्ही ज्या दुकानांत माल देता तिथल्या फळ्यांची उंची आणि खोली मोजून इथेच लिहा, आणि प्रत्येक फळीचे दोन फोटो टाका, एक समोरून आणि एक उभ्याने खाली बघून. गऱ्यांचं वजन किती ठेवणार तेही सांगा. ६३ मिलिमीटर तोंडाची बरणी पुरेल की ८३ची लागेल, ते त्यावरून सांगता येईल.