वाचकांचे प्रश्न : २९ डिसेंबरलाच उजाडलेले नवे वर्ष

प्रश्न : आमच्या पतसंस्थेसाठी मी जावा भाषेत पावत्यांचे सॉफ्टवेअर लिहिले आहे. शनिवार, २८ डिसेंबर २०२४ पर्यंत पावत्या बरोबर निघाल्या. मात्र रविवारच्या पिग्मी वसुलीच्या पावत्यांवर २९/१२/२०२५ अशी तारीख छापली गेली. १ जानेवारीला सगळे आपोआप सुरळीत झाले. संगणकाचे घड्याळ बरोबर होते. मग चूक कोठे झाली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तारीख छापण्यासाठी आपण जो पॅटर्न, म्हणजे अक्षरांचा साचा, दिला आहे, त्यातील वर्षाचे अक्षर तपासावे; तेथे कॅपिटल वाय चार वेळा लिहिलेला सापडेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. जावामध्ये कॅलेंडरच्या वर्षासाठी स्मॉल वाय असतो आणि कॅपिटल वायचा अर्थ ‘आठवड्याचे वर्ष’ असा होतो, म्हणजे ती तारीख ज्या आठवड्यात येते तो आठवडा ज्या वर्षाच्या खाती धरला जातो ते वर्ष. भारतासाठी जावाच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) नोंदवलेल्या नियमानुसार आठवडा रविवारी सुरू होतो आणि १ जानेवारी ज्या आठवड्यात येते तोच वर्षाचा पहिला आठवडा ठरतो. १ जानेवारी २०२५ ला बुधवार होता. त्यामुळे त्याआधीचा रविवार, सोमवार आणि मंगळवार हे तिन्ही दिवस २०२५ च्या पहिल्या आठवड्यात गेले आणि पावतीवर दिवस व महिना खरा, पण वर्ष पुढचे, असे विचित्र मिश्रण छापले गेले. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा मानतात. तो नियम लागू असता, तर आपला रविवार वाचला असता आणि चूक फक्त ३० व ३१ तारखेला दिसली असती.

आठवड्याचे वर्ष ही निरुपयोगी गोष्ट नव्हे. साप्ताहिक उत्पादनाचा किंवा पगाराचा हिशेब ठेवणाऱ्यांना आठवडा दोन वर्षांत तुटलेला चालत नाही, त्यांच्यासाठी ती सोय आहे. खरी अडचण अशी की, पॅटर्नमधील अक्षरांचा अर्थ प्रत्येक लायब्ररी आपापला ठरवते. जावास्क्रिप्टच्या मोमेंट या लायब्ररीत साध्या वर्षासाठी कॅपिटल वाय आणि तारखेसाठी कॅपिटल डीच लिहावा लागतो. तीच सवय हाताला घेऊन माणूस जावाकडे वळला की वर्ष बिघडते, आणि कॅपिटल डी लिहिल्यास २९ डिसेंबरऐवजी ३६४ छापले जाते, कारण तेथे त्याचा अर्थ वर्षातला कितवा दिवस असा आहे. वर्षाची चूक मात्र अकरा महिने दिसतच नाही. म्हणून पॅटर्नची चाचणी मार्चमधल्या एखाद्या तारखेवर न करता २९, ३० व ३१ डिसेंबरवर आणि १ जानेवारीवर करावी. छापून दिलेल्या पावत्यांची यादी काढून त्या बदलून देणे हेही आपले काम आहे, कारण ठेवीदाराच्या हाती तोच पुरावा असतो.

प्रश्न : शाळाप्रवेशाच्या अर्जात पालक १५ ऑगस्ट ही जन्मतारीख निवडतात आणि आमच्याकडे १४ ऑगस्ट साठवली जाते. असे का होते?

उत्तर : आपला तारीख निवडण्याचा घटक भारतातील १५ ऑगस्टची मध्यरात्र धरतो आणि पुढे जावास्क्रिप्ट त्या क्षणाचे यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, रूपांतर करते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने तोच क्षण तेथे १४ ऑगस्ट, १८:३० असा लिहिला जातो. त्यातला वेळेचा भाग कापला की उरते ती १४ तारीख. येथे साडेपाच तास मिळवून तात्पुरती डागडुजी करू नये, कारण भारताच्या पुढे वेळ असलेल्या सिंगापूरमधून अर्ज भरणाऱ्या पालकांसाठी तीच डागडुजी अपुरी पडेल आणि तारीख एक दिवस मागेच राहील. जन्मतारीख हा क्षण नव्हेच, तिला टाइमझोन नसतो. वर्ष, महिना आणि दिवस हे तीन आकडेच साठवावेत. २०१४ साली आलेल्या जावा ८ मध्ये नेमका यासाठी ‘लोकलडेट’ हा वेगळा प्रकार आहे.

प्रश्न : ॲपची भाषा मराठी केल्यावर तारीख १५/३/२०२५ अशी देवनागरी अंकांत येते आणि पुढची आकडेमोड बंद पडते. हिंदीत तसे होत नाही. मराठी अंक बंद करावेत का?

उत्तर : बंद करू नयेत. भाषांविषयीची माहिती साठवणाऱ्या सीएलडीआर या संग्रहात मराठीसाठी आपोआप वापरायचे अंक देवनागरी आणि हिंदीसाठी इंग्रजी वळणाचे नोंदवलेले आहेत, म्हणून हा फरक दिसतो, आणि मराठी वाचकासाठी तो योग्यच आहे. आपले ॲप पडद्यावर दाखवलेला मजकूर पुन्हा वाचून त्यावर हिशेब करते, तेथे ते अडते. जावास्क्रिप्टला ‘१५’ ही संख्या म्हणून ओळखता येत नाही. पायथन मात्र ती सहज वाचते, त्यामुळे सर्व्हरवर चाललेला कोड ब्राउझरमध्ये अडखळतो. हिशेब मूळ तारखेवरच करावा आणि फॉरमॅट केलेला मजकूर केवळ वाचण्यासाठी ठेवावा. एखाद्या तक्त्यात इंग्रजी अंक हवेच असतील, तर मराठीच्या भाषा-संकेताला लॅटिन अंकपद्धतीची जोड देता येते; त्या वेळीही महिन्यांची नावे मराठीतच राहतात.