उघडलेली सिलिकॉन ट्यूब वाळू नये म्हणून घरगुती झाकण कोणतं लावावं?

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानं पक्कं होतं, म्हणून नोझलच्या तोंडाशी हवा लागू द्यायची नाही, एवढीच सारी गोष्ट आहे. आमच्याकडं नागपुरात दर मार्चमध्ये कूलर उतरवला की टाकीचे जोड गळतात, २८० एमएलची ट्यूब आणायची, दोन बोटं वापरायची अन् पावसाळ्यानंतर पाहावं तर आत दगड, असं दोन-तीनदा झालं बाप्पा.

आता काम झालं की आधी गनचा, म्हणजे ट्यूब बसवून माल दाबून काढायच्या बंदुकीचा, मागचा खटका दाबून दांडा मागं ओढतो, नाहीतर माल येतच राहतो. मग जाडसर, लांब स्क्रू घेतो, त्याला व्हॅसलिन चोपडतो अन् नोझलमध्ये पिळत पिळत डोक्यापर्यंत घालतो, वरून इलेक्ट्रिकवाली टेप दोन-तीन वेढे. स्क्रू नोझलमध्ये घट्टच बसला पाहिजे, सैल असला तर काही अर्थ नाही. पुढच्या वेळी स्क्रू उलटा फिरवला की आट्यांत अडकलेला वाळका गोळा सोबतच निघून येतो, हे पाहायला मजा येते खरं सांगू तर.

खिळा नका घालू, गुळगुळीत असतो, गोळा आतच राहतो. नुसती पन्नी अन् रबर तर आठवडाभरही भरोशाचं नाही. नोझलच जाम झालं असेल तर ते फिरवून काढा, नवीन लावा, मागचा माल बहुतेक चांगलाच असतो.