'बदलते', 'विषम' की 'नैकसमान'?

नाशिकरोडहून विचारणा आहे: विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर 'अतिवाहकाजवळच्या नॉन-युनिफॉर्म चुंबकीय क्षेत्रात ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन' हा विषय मांडायचा आहे. (अतिवाहक म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला रोध न करणारा पदार्थ; ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतका पातळ थर.) 'नॉन-युनिफॉर्म'ला 'बदलते' चालेल, की 'विषम'?

'बदलते' नकोच. ते वाचून कुणालाही एसी विजेसारखं, वेळेनुसार बदलणारं क्षेत्र वाटेल. इथे क्षेत्र तासन्‌तास तेच राहतं, फरक असतो तो जागेजागेत. 'विषम' म्हटलं की शाळकरी वाचकाला आधी ३, ५, ७ आठवतात. 'असमान' चूक नाही, पण 'कशाशी?' हा प्रश्न मागे उरतोच. नववीच्या पुस्तकात 'एकसमान गती' आणि 'नैकसमान गती' ही जोडी आहे, तीच घ्या: नैकसमान चुंबकीय क्षेत्र. न + एक = नैक. ('अनेकसमान' केलंत तर अर्थ 'अनेकांसारखं' असा घसरतो.) पहिल्या उल्लेखाला 'जागेनुसार कमीजास्त होणारं' एवढं जोडा.

फलकावर खरी चूक होते ती इलेक्ट्रॉनच्या वाटेला 'नागमोडी' म्हणण्यात. अतिवाहकाची पट्टी बाहेरून लावलेलं क्षेत्र आपल्यातून हुसकावते (माइसनर परिणाम, १९३३). त्यामुळे पट्टीखालच्या ग्राफीनमध्ये क्षेत्र क्षीण होतं आणि कडांशी दाटतं. इलेक्ट्रॉन गोल फिरतो. दर चौरस सेंटीमीटरला एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर ०.१ टेस्ला (टेस्ला हे क्षेत्राच्या तीव्रतेचं एकक) क्षेत्रात त्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे १.२ मायक्रोमीटर. कडेच्या एका बाजूला त्रिज्या मोठी, दुसऱ्या बाजूला लहान, पण फिरण्याची दिशा तीच. म्हणून तो वेढे घेत कडेकडेने सरकतो. याला नागमोडी म्हणू नये. क्षेत्राची दिशाच उलटते अशा रेषेवर तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळतो, ती वाट नागमोडी. पट्टी आणि ग्राफीन यांच्यातला, दोघांना विलग ठेवणारा थर जाड झाला, तर कडेचा हा चढउतारच पसरट होतो आणि वेढे दिसेनासे होतात.

'मॅग्नेटिक बॅरिअर'ला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वाटेत आडव्या येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या पट्ट्याला, 'भिंत' लिहिलेलं दिसतं. 'बंधारा' जास्त नेमका. विजेच्या दाबाचा अडथळा उभा केला, तर ग्राफीनमधला इलेक्ट्रॉन समोरून येऊन आरपार जातो. चुंबकीय क्षेत्र त्याचा सेकंदाला सुमारे १० लाख मीटरचा वेग कमी करत नाही, नुसतं वळवतं. पट्टा पुरेसा रुंद असला की तो माघारी फिरतो. मोसम-आरम नद्यांवरचा फड पद्धतीच्या (गावाने मिळून चालवलेल्या) सिंचनाचा बंधाराही पाणी कोंडून ठेवत नाही, पाटाकडे वळवतो.

'अतिवाहक' आणि 'अतिसंवाहक' दोन्ही रूढ आहेत; एकच धरून चाला. पट्टी नायोबियमची दाखवणार असाल, तर '९.२ केल्विनच्या खाली' हे शब्द गाळू नका. त्याहून तापली की ती साधा धातू होते, क्षेत्र एकसमान होतं आणि तुमचा मथळा खोटा पडतो.