वाढलेल्या प्रोस्टेटसाठी सॉ पाल्मेटोच्या गोळ्या घ्याव्यात का?
वडिलांना रात्री वारंवार लघवीला उठावे लागते म्हणून सांगलीतील एका दुकानदाराने या गोळ्या सुचवल्या, असे आपण लिहिले आहे. अमेरिकेतील एका बुटक्या ताडाच्या फळांचा हा अर्क असून, तेथेच २००६ आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, दुसऱ्या वेळी तर मात्रा रोज ३२० पासून ९६० मिलिग्रॅमपर्यंत वाढवूनही, तो औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरला नाही. गोखरू, म्हणजे माळावर पायात रुतणारा आपला सराटा, आयुर्वेदात मूत्रविकारांवर पूर्वापार दिला जातो. मात्र त्याच्या भरवशावर तपासणी लांबवू नये, ही कळकळीची विनंती. आधी मूत्ररोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी व पीएसए ही प्रोस्टेटसंबंधीची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि लघवी पूर्ण तुंबली तर काढ्याची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.