अंबडची एचआरची ऑफर नंतर बघा, आधी त्या अर्जाची पोच मिळवा

तुम्ही विचारलंय, सिनिअर वकिलाकडे पैसे मिळत नाहीत, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत एचआरची नोकरी चालून आलीय, तर कामगार कोर्टातली वकिली सोडावी का. पण माझं लक्ष गेलं तुमच्या शेवटच्या ओळीकडे. कामावरून काढलेल्या कामगाराचा अर्ज तुम्ही समेटासाठी कामगार कार्यालयात देऊन आलात आणि आता तिथले लोक म्हणतात, असा अर्जच आलेला नाही. हे मी भोगलंय.

सातपूरचा एक टर्नर होता, कंपनीनं तोंडी 'उद्यापासून येऊ नको' सांगितलेला. तेव्हा औद्योगिक विवाद कायदा चालू होता. 2010 च्या दुरुस्तीनं कलम 2अ मध्ये सोय झाली होती की समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगार वाद मिटवायला बसवलेला सरकारी अधिकारी) अर्ज देऊन 45 दिवस झाले की कामगारानं थेट कामगार न्यायालयात जावं, सरकार तो वाद कोर्टाकडे कधी पाठवतंय याची वाट बघायला नको. आम्ही अर्ज दिला. कार्यालय कुठलं ते विचारू नका. आवक बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "शिक्का साहेबांच्या कपाटात आहे, पोच उद्या न्या." तो उद्या काही उजाडला नाही. कोर्टात गेल्यावर कंपनीच्या वकिलाचा पहिलाच आक्षेप, अर्ज दिल्याचा पुरावा कुठाय? कार्यालयाचं उत्तर, नोंद आढळत नाही. झालं, पुन्हा अर्ज, पुन्हा 45 दिवस.

तोवर घर चालवायला तो माणूस रिक्षा चालवायला लागला. तेच कंपनीनं उलटतपासणीत काढलं. दीपाली सुर्वसे खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की बेकायदा काढलं असेल तर मागचा पूर्ण पगार हाच सर्वसाधारण नियम. पण दुसरीकडे तेवढीच कमाई होती असं कंपनीनं सिद्ध केलं तर तो हातचा जातो. त्याच भीतीनं त्यानं किरकोळ रकमेवर तडजोड केली. एका शिक्क्यापायी! अजून संताप होतो.

म्हणून तो अर्ज आजच स्पीड पोस्टनं पुन्हा पाठवा, ईमेलही करा, 'आधी अमुक तारखेला समक्ष दिला होता' हे त्यात लिहा. आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आलीय हे विसरू नका. पूर्वी कामगाराला कोर्टात जायला तीन वर्षं होती. आता वाद उद्भवून दोन वर्षं झाली की समेट अधिकारी तो हातीच घेऊ शकत नाही. (तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, हा सल्ला समजू नका. संहिता आणि तिचे नियम स्वतः वाचा, सिनिअरच्या आठवणीवर जाऊ नका.)

तुमच्या पोस्टमध्ये ठेकेदाराच्या कामगारांची यूएलपी, म्हणजे मालकाच्या अनुचित प्रथांविरुद्धची, कंप्लेंट टाकण्याचा विचारही दिसतो. थांबा. सिप्ला कंपनीच्या खटल्यात 2001 साली सर्वोच्च न्यायालयातच ठरलंय, मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर ती कंप्लेंट टिकत नाही, आधी नातं योग्य मंचावर सिद्ध करावं लागतं. तरीही लोक टाकतात आणि वर्षानुवर्षांनी फेटाळून घेतात.

आता नोकरी. माझं मत एकतर्फी आहे, पटलं तर घ्या. एचआरमध्ये गेलात की कामगारांवरची चार्जशीट लिहायला शिकाल, उलटतपासणी विसराल. पैशांसाठी खातेनिहाय चौकशीत, म्हणजे कामगारावरच्या आरोपांच्या कंपनीतल्या चौकशीत, चौकशी अधिकारी म्हणून बसा, कंपन्या बैठकीगणिक फी देतात. फक्त एक, चौकशीला आव्हान मिळालं की साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तुम्हालाच उभं राहावं लागतं. तेव्हा रोजच्या रोज इतिवृत्तावर कामगाराची सही घ्या, त्यानं नकार दिला तर तसं नोंदवा, आणि कंपनीनं तयार करून दिलेल्या निष्कर्षावर सही करू नका. असे निष्कर्ष टाईप होऊन येतात, मी पाहिलेत.

आणि हो, त्या कामगाराचं पीएफ पासबुक यूएएनवरून (त्याच्या पीएफ क्रमांकावरून) आत्ताच उतरवून घ्या. कायद्याचं संरक्षण मिळायला लागणारे वर्षातले 240 दिवस भरल्याचं सिद्ध करायची जबाबदारी त्याची आहे, आणि हजेरीपत्रक कंपनीकडे असतं.